रोही पळवायचा आवाज आणि कोल्हा बोलवायचा आवाज



ज्वारी चिकात आली की आपल्या भागात एक नवा धंदा जोरात चालतो. बियाण्याच्या आणि औषधांच्या दुकानात भोंगे टांगले जातात. कोणात वाघाची डरकाळी, कोणात कुत्र्यांचा कालवा, कोणात बंदुकीचा बार, तर कोणात एकामागून एक सगळेच. दुकानदार सांगतो, रात्रभर लावून ठेवा आणि घरी जाऊन झोपा. दोन-चार रात्री खरोखरच झोप लागते. पाचव्या-सहाव्या रात्री भोंगा डरकाळ्या फोडत असतो आणि त्याच्यापासून वीस पावलांवर डुकरे कणसे मोडत असतात.

यात दुकानदाराला शिव्या घालून भागणार नाही. जनावराला आवाजाने पळवता येते आणि आवाजाने बोलावताही येते, ही फार जुनी विद्या आहे. ती ज्यांच्याजवळ होती त्यांना आपण गुन्हेगार ठरवले, आणि आता तिचे तुकडे डबीत भरून बाजारातून विकत आणतो. म्हणून आवाज म्हणजे काय, कोणता निवडायचा, कोणता चुकूनही लावायचा नाही, आणि एवढे करूनही हा प्रश्न भोंग्याने का सुटत नाही, हे एकदा बोलून घेऊ.

अमेरिकेत कोयोट नावाचे जनावर आहे. आपल्या कोल्ह्याचा भाऊबंदच, अंगाने त्याच्याहून थोडा मोठा, लांडग्याहून लहान. तिथले मेंढपाळ आणि शिकारी त्याला आवाजाने बोलावून मारतात. जखमी सशाची किंकाळी तोंडातल्या पिपाणीवर काढली की फुकटचे सावज मिळेल म्हणून कोयोट येतो. माजाच्या दिवसांत परक्या कोयोटची कोल्हेकुई काढली की आपल्या हद्दीत हा कोण शिरला म्हणून तो भांडायला येतो. टेक्सासमधल्या बर्नहॅम बंधूंनी अशा पिपाण्यांचा व्यापार उभा केला. पुढे जॉनी स्ट्यूअर्ट नावाच्या माणसाने खऱ्या जनावरांचे आवाज मुद्रित करून त्यांच्या तबकड्या विकल्या. आज तिकडे शेकडो आवाज साठवलेले आणि दुरून बटणावर चालणारे यंत्र मिळते. कुठल्या महिन्यात कुठला आवाज, किती वेळ, वारा कुठून, यावर तिथे पुस्तकेच्या पुस्तके निघाली आहेत.

एवढे करून झाले काय? कोयोट मारण्याचे काम तिथल्या केंद्र सरकारने १९१५ पासून अंगावर घेतले. विष झाले, फासे झाले, विमानातून गोळ्या झाल्या. आजही सरकारी खाते वर्षाला साठ हजारांच्या आसपास कोयोट मारते, खासगी शिकारी मारतात ते वेगळेच. आणि पूर्वी पश्चिमेच्या माळरानावर असणारा कोयोट या शंभर वर्षांत जवळजवळ साऱ्या उत्तर अमेरिकेत पसरला आहे. त्याला हटवण्याचा खर्च मात्र तिथे सरकारी तिजोरीतून होतो, मेंढपाळाच्या झोपेतून नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आपल्याकडे पहा. वऱ्हाडात फासेपारधी ही विद्या पिढ्यान्पिढ्या बाळगून होते. माणसाळवलेला तितर पिंजऱ्यात घालून पहाटे झुडपात ठेवायचा. तो ओरडला की त्या भागातला रानतितर हद्दीसाठी भांडायला धावून येतो, आणि पिंजऱ्याभोवती मांडलेल्या फाशात अडकतो. अमेरिकन शिकारी परक्या कोयोटची कुई काढून जे करतो ते हेच. पिंजऱ्यातला पक्षी नसला तर पारधी नुसत्या गळ्यातून तितराचा, लाव्याचा आवाज काढतो, आणि खरा पक्षी त्याला उत्तर देतो. कोणता पक्षी कोणत्या नक्षत्रात बोलतो, नर कोणता, मादी कोणती, घाबरलेला आवाज कोणता आणि बोलावणारा कोणता, हे त्याला शाळेत न जाता पाठ असते.

या माणसांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार जमात म्हणून नोंदायला सुरुवात केली. १९५२ साली तो कायदा गेला, पण गावाच्या नजरेतून शिक्का गेला नाही. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांचे पोट भरण्याचे साधनही गुन्हा ठरले. गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्याच्या बेड्यावर घेणाऱ्यांत आपण शेतकरीही होतो, हे मान्य करायला हवे. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा येथे कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेने याच फासेपारध्यांना बरोबर घेतले. वाशीम-अकोल्याच्या गवताळ रानात तणमोर या दुर्मिळ पक्ष्याचा माग काढायला आणि त्याला राखायला त्यांचीच विद्या कामाला आली. ज्या कानाने शिकार केली त्याच कानाने राखण होते, याचा हा पुरावा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. आपल्या तालुक्यात रोह्याच्या वाटा आणि डुकरांच्या बसण्याच्या जागा कोणी दाखवाव्यात, हे विचारायला आपण मात्र मुंबई-पुण्याच्या कंपनीच्या माणसाकडे जातो.

आता भोंग्याकडे येऊ. पहिली गोष्ट अशी की जनावर त्याच आवाजाला भिते ज्याच्यामागे त्याने कधी तरी मार खाल्ला आहे. वाघाच्या डरकाळीचे तेच. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, त्याचे केवढे कौतुक झाले. पण नांदुरा-मलकापूरकडच्या काळ्या रानात, पऱ्हाटीत जन्मलेल्या डुकराच्या किती पिढ्यांनी वाघ पाहिला आहे? त्याच्या लेखी डरकाळी म्हणजे एक नवा आवाज, एवढेच. नवा आहे तोवर ते बिचकेल, मग विसरेल. याची साक्ष आपल्या वडनेरच्याच शिवारात आहे. महामार्गाला लागून असलेल्या वावरात रात्रभर ट्रकचे हॉर्न वाजत असतात. तिथे चरणारा रोही मान तरी वर करतो का?

डुकराला माहीत असलेले वैरी दोन, कुत्रा आणि माणूस. म्हणून आवाज निवडायचाच तर कुत्र्यांचा आणि माणसांच्या हाकाऱ्याचा निवडावा. डुक्कर स्वतः भ्याल्यावर जो तुटक ‘हुफ्’ करते तो आवाज मिळाला तर आणखी बरा, कारण आपल्याच जातीच्या इशाऱ्याला जनावर उशिरा सरावते. हैदराबादच्या कृषी विद्यापीठातल्या प्राणी-कीड विभागाने असे इशाऱ्याचे आणि शिकारी जनावरांचे आवाज एकत्र करून यंत्र तयार केले, ते याच तत्त्वावर. रोह्याची गोष्ट वेगळी. तो फारसा बोलणारा प्राणी नाही, त्याचा भरवसा डोळ्यांवर. त्याला नुसता आवाज ऐकवून उपयोग कमी. आवाजाबरोबर काही हलले पाहिजे, माणूस दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बाजारातल्या स्वस्त डब्यांत पळवायचे आणि बोलवायचे आवाज सरमिसळ भरलेले असतात. डुकराच्या पिल्लाची किंकाळी, बकरीच्या करडाचा आकांत, सशाचे ओरडणे हे पळवायचे आवाज नाहीत. हे तर कोयोटच्या शिकाऱ्याचे बोलवायचे आवाज! पिल्लू ओरडले की डुकरीण पळत नाही, चवताळून येते. आणि ज्या शिवारात बिबट्या फिरतो तिथे रात्री करडाचा आकांत लावून माळ्यावर बसणे म्हणजे बिबट्याला पाहुणचाराला बोलावणे आहे. अजिंठ्याच्या डोंगराकडच्या गावांनी, मोताळा-बुलढाण्याच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी तर हे विशेष सांभाळावे. डबा विकत घेण्यापूर्वी दुकानातच सगळे आवाज वाजवून ऐका. कण्हण्याचा, किंचाळण्याचा आवाज असेल आणि तो काढून टाकता येत नसेल तर डबा परत द्या.

तिसरी गोष्ट वापराची. पेरणीपासून भोंगा लावणारा शेतकरी ज्वारी हुरड्यावर येईपर्यंत जनावरांना तो शिकवून मोकळा होतो. पीक जेव्हा खरे धोक्यात असते तेव्हाच आवाज बाहेर काढावा: ज्वारीला चीक भरताना, हरभरा घाट्यावर असताना, पऱ्हाटीचे शेंडे आणि बोंडे कोवळी असताना. भोंगा घराशी किंवा माळ्यावर नको. जनावर ज्या नाल्यातून, ज्या पांदणीतून येते तिथे धुऱ्यावर, जमिनीलगत, तोंड बाहेर करून ठेवावा. वारा आपल्याकडून त्यांच्याकडे जाणारा असेल तर आवाज लांब जातो. दोन-तीन रात्रींनी जागा बदलावी. सारखा वाजवू नये, थांबून थांबून आणि वेळ चुकवून वाजवावा. आणि अधूनमधून आवाजापाठोपाठ खरा माणूस, खरे कुत्रे, खरी विजेरी, खरी गोफण आली पाहिजे. नाही तर जनावर पाहते की ओरडतो खूप, करत काहीच नाही. पुढाऱ्यांच्या बाबतीत आपणही ते पाहिलेच आहे.

पण हे सगळे एकट्याने करून भागत नाही. माझ्या वावरातून हाकललेला कळप आकाशात जात नाही, शेजाऱ्याच्या वावरात जातो. ज्याला भोंगा परवडतो त्याचे डुक्कर ज्याला परवडत नाही त्याच्या ज्वारीत उतरते. दोन एकरांची विधवा बाई जिथे रात्री जागलीला जाऊ शकत नाही, तिथे साऱ्या शिवाराची डुकरे गोळा होतात. म्हणून शिवारातल्या सगळ्यांनी मिळून पाळ्या लावाव्यात, नाल्याच्या एका टोकाकडून आवाज करत दुसऱ्या टोकाने जनावर रानाकडे काढावे. आपल्या आजोबांच्या काळात हाकारा असाच होत असे आणि त्याला बॅटरी लागत नसे.

दोन गोष्टी मात्र कोणी करू नयेत. प्लास्टिकच्या नळीत कार्बाइड घालून बार काढायची टूम वानरे पळवण्यासाठी आली. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिनेच अनेक पोरांचे डोळे घेतले. वानर राहिले झाडावर, अंधार आला घरात. दुसरे म्हणजे कुंपणात सोडलेला करंट. त्यात डुकराआधी शेजारी मरतो, नाही तर पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच मुलगा मरतो.

आणि कोल्ह्याला बोलावून मारण्याचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो आजच काढून टाकावा. टरबुजाच्या वाडीत तो शिरतो, मक्याची कणसे खातो, कोकरू एकटे सापडले तर उचलतो, हे खरे आहे. पण पऱ्हाटीत आणि ज्वारीत फिरणारा कोल्हा रात्रभर उंदीर वेचत असतो आणि त्याची मजुरी कोणाला मागत नाही. उंदरांवर विषाच्या पुड्या टाकायला आपण पैसे मोजतो, आणि फुकटात उंदीर मारणाऱ्याच्या मागे कुत्री सोडतो. त्यात ‘कोल्ह्याचे शिंग’ म्हणून केसाळ कातड्याचा तुकडा विकणारे भोंदू फिरतात. घरात ठेवले की पैसा येतो म्हणे! कोल्ह्याला शिंग नसते. त्या भोंदूपणापायी कोल्हा मारला जातो, आणि पैसा येतो तो फक्त विकणाऱ्याकडे. कायदाही समजून घ्या: २०२२ च्या दुरुस्तीने कोल्हा पहिल्या अनुसूचीत गेला. त्याला मारले तर किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे. लाव्याचा किंवा तितराचा आवाज मोबाइलवर लावून जाळे टाकणारी पोरे गावात असतील तर त्यांनाही सांगा की तीही शिकारच आहे.

आता मुद्दा कायद्याचा निघालाच आहे तर आपले दुखणे बोलू. या कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे नुसते मारणे नाही. पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे, एवढेच काय, हाकणेसुद्धा शिकारीत धरले आहे. कलम ३९ म्हणते, मेलेले सापडलेले रानटी जनावर सरकारच्या मालकीचे. रोही विहिरीत पडून मेला की त्याचा मालक लगेच जीपमधून येतो, पंचनामा करतो. तोच रोही जिवंतपणी माझ्या हरभऱ्यात पंधरा रात्री चरत होता तेव्हा त्याचा मालक कोण होता? माझी गाय दुसऱ्याच्या वावरात शिरली तर मला कोंडवाड्याचा दंड भरावा लागतो. सरकारचा रोही माझ्या वावरात शिरला तर मलाच अर्ज, सातबारा, फोटो, पासबुकाची झेरॉक्स घेऊन फिरावे लागते, आणि मिळेल ती रक्कम मेहेरबानी म्हणून घ्यावी लागते.

कोणी म्हणेल, परवानगी घेऊन मारता येते ना? येते. कलम ११ खाली पिकाचे नुकसान करणाऱ्या रोह्याला, डुकराला मारण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतो. शेतीसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याची तरतूदही शस्त्र कायद्यात आहे. पण गावात अशा बंदुका आहेत किती? ज्याच्याकडे आहे त्याची निवडणूक लागली की ठाण्यात जमा. दिल्लीने २०१५ च्या अखेरीस बिहारमध्ये रोही आणि रानडुकराला काही जिल्ह्यांपुरते उपद्रवी ठरवले, आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामाच्या टाळात हैदराबादचे नेमबाज आणून दोनशेवर रोही मारले. केंद्रातल्याच दोन मंत्र्यांत त्यावरून जाहीर भांडण झाले, मनेका गांधी एकीकडे आणि प्रकाश जावडेकर दुसरीकडे. ज्या शेतकऱ्याचे पीक गेले होते तो मात्र त्या भांडणात कुठे दिसला नाही. केरळने निराळी वाट काढली. तिथे २०२२ पासून रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीच्या प्रमुखाला मिळाला. म्हणजे नुकसान पाहणारा आणि परवानगी देणारा एकाच गावचा.

मारण्याची हौस आपल्यापैकी कोणालाच नाही. पावसाने ताण दिला की रानातल्या हरणाला पाणी पाजणारी गावे आपलीच आहेत. ‘इंडिया’तल्या लोकांना रोही पाहायला अभयारण्यात तिकीट काढून जावे लागते, भारतातल्या शेतकऱ्याला तो रोज फुकट दिसतो, फरक एवढाच. त्यांना तो जगायला हवा असेल तर जरूर जगावा. पण त्याच्या चाऱ्याचा खर्च कोरडवाहू ज्वारीवर का? आपल्याकडून ज्वारी हटली आणि सोयाबीन आले, त्याची कारणे भावात आहेत, पावसात आहेत, पण जागलीतही आहेत. ज्या घरात रात्री वावरात झोपायला माणूस उरला नाही त्या घराने ज्वारी सोडली, आणि ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेला.

जागल हा खर्च आहे. पाळीने दोन माणसे चार महिने रात्री जागली तर ती मजुरी आहे, आणि थंडीत, साप-विंचवात केलेली मजुरी आहे. पिकाचा उत्पादन खर्च काढताना नांगरट, वखरणी, निंदण, वेचणी आपण मांडतो, जागलीच्या रात्री मात्र मांडत नाही, कारण त्या घरच्याच माणसांच्या असतात. त्या मांडल्या पाहिजेत. अमेरिकन मेंढपाळाच्या वतीने त्याचे सरकार कोयोटमागे माणसे आणि पैसा लावते. आपले सरकार आपल्याला भोंगा विकत घ्यायला सांगते, आणि फार दया आली तर भोंग्यावर अनुदान देते, म्हणजे कारखानदाराला देते.

म्हणून जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडावेत असे माझे मत आहे. एक, रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबतची परवानगी केरळप्रमाणे ग्रामपंचायतीच्या पातळीवर यावी आणि ती देण्याला दिवसांची मुदत असावी. दोन, ज्या शिवारात या जनावरांचा उपद्रव वनखात्याने स्वतः पंचनाम्यात मान्य केला आहे तिथे जागलीच्या रात्रींची मजुरी वनखात्याने द्यावी, आणि जागल्या म्हणून पहिला हक्क बेड्यावरच्या पारध्यांना आणि गावातल्या भूमिहीनांना असावा. राखण करणारा कान गावातच आहे, त्याला पगार द्या. अभयारण्यात पहारेकऱ्याला पगार आहे, मग तेच जनावर अभयारण्याबाहेर आल्यावर पहारा फुकट कसा?

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक साधी वही आणावी. जागल कोणत्या तारखेला सुरू केली, वावरात किती माणसे किती रात्री झोपली, कोणता आवाज लावला, कितव्या रात्री जनावर परत आले, रोही की डुक्कर, पीक कोणत्या अवस्थेत होते आणि किती तास गेले. ज्यांनी भोंगा घेतला त्यांनी त्याची पावतीही जोडावी. वडनेर, नांदुरा आणि मलकापूरकडच्या गावांनी महामार्गालगतची वावरे वेगळी लिहावीत, म्हणजे आवाजाला सरावलेले जनावर किती दिवसांत पुन्हा पिकात शिरते ते सरळ आकड्यांत दाखवता येईल.